वॅक्सहोल्मची शाळा आणि युरोपचं समान सामाजिक धोरण

मंडळी, युरोपीय संघातल्या सगळ्या देशांना मिळून एकच सामाजिक धोरण आखता येईल का, आणि त्यासाठी त्यांनी राजकीयदृष्ट्या आणखी एक व्हावं का, हा आजचा विषय. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. का, हे समजायला आधी एका शाळेत जावं लागेल.

वॅक्सहोल्म हे स्टॉकहोमजवळचं समुद्रकाठचं छोटं गाव. २००४ साली तिथल्या शाळेच्या दुरुस्तीचा ठेका लाव्हाल या लाटव्हियन कंपनीच्या उपकंपनीकडे गेला. लाटव्हिया त्याच वर्षी १ मे रोजी संघात आला होता. कंपनीने आपले कामगार आणले आणि काम सुरू केलं.

आता स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही, हे नीट ध्यानात ठेवा. मजुरी ठरते ती संघटना आणि मालक यांच्या करारातून. सरकार मध्ये पडत नाही. मालक करार करत नसेल तर संघटना त्याच्या कामाची नाकेबंदी करते. बांधकाम कामगारांच्या संघटनेने २ नोव्हेंबरला तेच केलं. डिसेंबरात इलेक्ट्रिशियनांनीही पाठिंबा म्हणून तिथलं विजेचं काम सोडलं. नाताळला घरी गेलेले लाटव्हियन कामगार परत आलेच नाहीत, आणि पुढे ती उपकंपनी दिवाळखोरीत निघाली.

त्या कामगारांवर माझा राग नाही. पोटासाठी परमुलखात गेलेला माणूस चुकीचा कसा म्हणायचा? पण संपाचे दिवस पाहिलेली माणसं या सभागृहात बसली आहेत. बाहेरून स्वस्त हात आले की करार किती दिवस टिकतो, हे त्यांना मी काय सांगणार!

कंपनी कोर्टात गेली. १८ डिसेंबर २००७ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: संपाचा हक्क मूलभूत खरा, पण ही नाकेबंदी सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्याच्या, म्हणजे एका सदस्य देशातल्या कंपनीने दुसऱ्यात जाऊन काम करण्याच्या हक्काच्या, आड येते. पुढे स्वीडनच्याच कामगार न्यायालयाने संघटनेला भरपाई द्यायला लावली. पिढ्यान् पिढ्या भांडून, तडजोडी करून बसवलेली घडी न्यायाधीशांनी विस्कटली, आणि त्यासाठी एकाही स्वीडिश मतदाराचं मत कुणी विचारलं नाही. याची मला मनापासून चीड येते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा पुढचं भरभर सांगतो.

एकीकरणवाले म्हणतात, मग मजुरीचा कायदाही युरोपभर एक करा. २०२२ साली संघाचा किमान वेतनाचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, आला, तेव्हा विरोधात मत दिलं ते स्वीडन आणि डेन्मार्कनेच. डेन्मार्क तर त्याविरुद्ध कोर्टात गेला. लक्झेंबर्गचं किमान वेतन बल्गेरियाच्या चौपटीहून अधिक आहे, तिथे समान पातळी कुठली धरायची? निवृत्तिवेतन, दवाखाने, बेकारभत्ता हे सगळं देशोदेशीच्या करांतून चालतं. संघाचा अर्थसंकल्प सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का.

आणि लोकांना विचारलं तेव्हा काय झालं? २००५ साली फ्रान्सने आणि तीनच दिवसांनी नेदरलँड्सने युरोपीय राज्यघटना फेटाळली. तिच्यातला बराच मजकूर लिस्बन करारातून, म्हणजे संघाच्या पुढच्या मूळ करारातून, परत आला. २०१५ साली कर्जात बुडालेल्या ग्रीसमध्ये ६१ टक्के मतदारांनी युरोपीय सावकारांच्या कर्जाच्या अटी नाकारल्या. आठवडाभरात सरकारला त्याहून कडक अटींवर मान तुकवावी लागली. ज्यांना निवडणुकीत पाडता येत नाही अशांच्या हातात आपली मजुरी आणि म्हातारपण कोण देईल?

२०१८ साली परदेशी पाठवलेल्या कामगारांचे नियम सुधारले, हे मान्य. पण वॅक्सहोल्मनंतर त्याला चौदा वर्षं लागली. बाजाराचं स्वातंत्र्य आणि संपाचा हक्क यांची टक्कर झाली तर हक्क वरचढ ठरावा, एवढी एक तरतूद संघाच्या मूळ करारांत घाला, असं युरोपातल्या कामगार संघटना २००८ पासून म्हणताहेत. ती अजून घातलेली नाही.