खरखरीसकट उतरवा

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय तो 'चित्रपटसंगीताची दुर्मिळ एलपी डिजिटल स्वरूपात कशी उतरवावी'. एलपी म्हणजे लाँग-प्ले तबकडी. ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बरेच दिवस मनात खदखदते आहे, ती बोलून घेतो. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या कपाटात अशा तबकड्या आहेत, आणि काही जण तर त्या उतरवून घ्यायच्या बेतातच आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: पहिली प्रत खरखरीसकट उतरवा. तबकडी धुवा, अगदी जरूर धुवा. आवाज मात्र त्या प्रतीत धुऊ नका.

चित्रपटसंगीताबाबत मी इतका हटून का बसतो? पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित व्हायचं ते चित्रपटासाठी. संवाद, पावलांचे आवाज, दारांची आपटाआपट हे सगळं मिसळून अंतिम ध्वनिपट्टी तयार झाली, की नुसत्या संगीताच्या टेपची कुणाला गरज उरायची नाही. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, फेकल्या गेल्या. चित्रपट आज शाबूत असला तरी त्यातलं संगीत कुणाच्या तरी बोलण्याखाली दबलेलं असतं. ते मोकळं ऐकायचं तर एलपीच हवी. त्यातही गंमत अशी, की पुष्कळदा एलपीसाठी वाद्यवृंद पुन्हा बसवून वेगळं ध्वनिमुद्रण केलेलं असे, तुकडे जोडून, क्रम बदलून. म्हणजे तबकडीवर आहे ते चित्रपटातही नाही.

चित्रपट आणि तबकडी यांचं नातं तर त्याहून जुनं आहे. थोडं विषयांतर होतंय, पण राहवत नाही. १९२६ साली बोलपटांची व्हायटाफोन पद्धत आली. आवाज फिल्मवर नव्हताच, तो १६ इंची तबकडीवर, आणि प्रोजेक्टर व टर्नटेबल एकाच मोटरला जोडलेले. हजार फुटांचं रीळ मिनिटाला ९० फूट या वेगाने साधारण ११ मिनिटं चालतं. तबकडीही तेवढी पुरायला हवी, म्हणून मिनिटाला ३३ १/३ फेरे ठरले. १९४८ साली एलपी आली ती हाच वेग घेऊन. व्हायटाफोनच्या तबकडीवर सुई मधून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जायची. लेबलवर छोटे चौकोन छापलेले असत. दर खेळाला एका चौकोनावर खूण करायची, आणि वीसेक खेळांनंतर तबकडी बाद. झिजलेला आवाज प्रेक्षकांना ऐकवायचा नाही, ही काळजी त्या काळात घेतली जात होती! पुढे काय झालं, तर कुठे रिळं उरली आणि तबकड्या गेल्या, कुठे तबकड्या उरल्या आणि रिळं गेली. १९९१ पासून अमेरिकेत हौशी मंडळींचा एक गट, व्हायटाफोन प्रोजेक्ट, या ताटातूट झालेल्या जोड्या पुन्हा जुळवतो आहे. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

आता माझी खदखद. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांकडे जुन्या चित्रपटाच्या संगीताची मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची, एलपी होती. सीडीवर ती कधी आलीच नव्हती. त्यांनी ती पैसे मोजून एका ठिकाणी उतरवून घेतली आणि फाइल मोठ्या कौतुकाने मला ऐकवली. पहिली काही सेकंदं मीही खूश झालो. खरखर नाही, टिकटिक नाही, सगळं स्वच्छ. मग शीर्षकसंगीतातले ट्रम्पेट आले, सर्दी झाल्यासारखे. त्या वाद्याची धारच गायब. व्हायोलिनचा लांब सूर विरत जाताना जिथे ध्वनिमुद्रणाच्या दालनाची घुमारी ऐकू यायला हवी, तिथे सूर कापल्यासारखा संपत होता. झांजेच्या मागे पाण्यात बुडबुडे यावेत तसा काहीतरी आवाज.

मी विचारलं, कच्ची फाइल कुठे आहे? ती त्या ठिकाणी पुसून टाकली होती, जागा अडते म्हणून. हाती होती ती एमपीथ्री. बरं, तबकडी? ती त्यांनी देऊन टाकली होती. आता उतरवली आहे, मग ठेवून काय करायची! मला त्या गृहस्थांचा राग नाही, त्यांनी विश्वास ठेवला. राग येतो तो या कामाचे पैसे घेऊन मूळ मुद्रण पुसणाऱ्यांचा.

ट्रम्पेटचं असं का होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. तबकडीवरच्या ओरखड्याची टिक संगणकाच्या पडद्यावर मोठी करून बघा. एक-दोन मिलिसेकंदांत चढून उतरणारा बारीक सुळका दिसेल. आता जोरात वाजवलेल्या ट्रम्पेटची लहर बघा. तिथेही प्रत्येक आवर्तनात असाच टोकदार सुळका असतो, तेच तर त्याचं तेज. टिक काढणाऱ्या प्रोग्रॅमची पट्टी जास्त सरकवली, की तो दोन्ही सुळके छाटतो. यावर एक साधी परीक्षा आहे. बहुतेक चांगल्या प्रोग्रॅममध्ये 'जे काढलं तेवढंच ऐका' अशी सोय असते. ते ऐकायचं. नुसती कटकट ऐकू आली तर ठीक. त्यात चाल ओळखू आली, तर तुम्ही संगीत काढताय, तिथेच थांबा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा पत्रिकेवरचा विषय आता भराभर घेतो.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात सौम्य साबणाचा थेंब. चरांच्या दिशेने पुसा, साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवा, लेबल कोरडं ठेवा. जुनी, मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी असेल तर अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते. सुईवर फुंकर कोण कोण मारतं? (हशा) बरेच हात वर आहेत. फुंकरीबरोबर सुईवर ओलावा बसतो, मऊ ब्रश वापरा, मागून पुढे.

मोनो तबकडीही स्टिरिओ कार्ट्रिजने (सुई बसवलेला, तिची थरथर विजेत बदलणारा भाग), दोन्ही चॅनेल वेगळे ठेवून उतरवा. चराला दोन भिंती असतात आणि त्या सारख्या झिजत नाहीत. पुढे चांगली भिंत निवडता येते, किंवा दोन्हींची बेरीज केली तर सुईच्या वरखाली हलण्यातून आलेला गोंगाट आपोआप वजा होतो. मोनो एलपीची सुई साधारण २५ मायक्रॉनची, स्टिरिओची १८च्या आसपास. बदलून पाहा, वेगळ्या मापाची सुई भिंतीच्या न झिजलेल्या भागावर चालू शकते. '६०च्या दशकातल्या, मोनोवरून कृत्रिमरीत्या स्टिरिओ केलेल्या आवृत्त्या टाळा, मोनो शोधा.

भोक मध्यावर नसेल तर सूर डुलतो, बरोबर १.८ सेकंदांनी एकदा, कारण एक फेरा तेवढ्या वेळाचा. तबकडी किंचित सरकवून हे आधीच दुरुस्त करा. तबकडी कोरताना खालचे सूर दाबतात आणि वरचे उचलतात, वाजवताना ते उलटवायचं. त्याचं ठरलेलं माप म्हणजे वक्र. सर्वांनी मानलेला आरआयएए वक्र १९५४ पासूनचा आहे. त्याआधी कंपन्यांचे वक्र वेगवेगळे होते. म्हणून शक्य असेल तर वक्र न लावता, सपाट उतरवा. सपाट फाइलमध्ये टिकही अरुंद राहते, पुढे काढायला सोपी. तशी सोय नसेल तर नेहमीचा प्रीॲम्प, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवून वक्र लावणारं यंत्र, चालेल, पण कोणता वक्र लागला ते लिहून ठेवा, नंतर गणिताने उलटवता येतो.

संगणकावर उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा आवाजही कमाल पातळीच्या ६ डेसिबल तरी खाली ठेवा. २४ बिटमध्ये त्याने काही बिघडत नाही. २० मिनिटांच्या एका बाजूला सुमारे ६९० मेगाबाइट लागतात, जागेची सबब आज कुणी सांगू नये. सुई टेकण्याच्या आधीपासून शेवटच्या चरापर्यंत सगळं घ्या. मधली शांतता कापू नका, गोंगाटाचा नमुना तिथेच मिळतो.

मग या फाइलची प्रत काढा, आणि त्या प्रतीवर काय हवी ती सफाई करा, हौसेने करा. कच्ची फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सोबत वेष्टनाचे फोटो, लेबलचे फोटो, आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, तिरप्या उजेडात वाचून. तबकडी कोणत्या साच्यातून निघाली ते त्यावरूनच कळतं. तबकडी उभी ठेवा, उन्हापासून दूर, आणि देऊन टाकू नका.

सुयांचे दोन-तीन प्रकार मी सोबत आणले आहेत. ज्यांना पाहायचे आहेत त्यांनी पुढे यावं, भिंग टेबलावर आहे.