न मागितलेलं कार्ड

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या दाराशी आलेला टपालाचा गठ्ठा आज एकदा चाळून बघा. एक लाइटबिल, एखादी लग्नपत्रिका, आणि बाकी सगळं ‘अभिनंदन! आपणांस क्रेडिट कार्ड मंजूर झाले आहे.’ अहो, अर्ज कोणी केला होता? त्यात पाकिटाला ती प्लॅस्टिकची खिडकी. पूर्वीची पाकिटं उसवून आतल्या बाजूला वाणसामानाची यादी तरी लिहिता यायची. असो.

माझी आत्या वाईला असते, वय वर्षं ७८. दोन वर्षांपूर्वी ऐन जेवणाच्या वेळी कुरियरवाला आला. (हे लोक नेमके वरणभात कालवल्यावरच कसे येतात, कोण जाणे.) पाकिटात चकचकीत क्रेडिट कार्ड, वर आत्याचं नाव. तिने ते उलटंसुलटं पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं आणि स्वयंपाकघरात नेलं. परातीला चिकटलेली कणीक खरवडायला इतकी उत्तम वस्तू तिला आजवर मिळाली नव्हती!

पुढे बिल आलं. वार्षिक फी ४९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५८८ रुपये ८२ पैसे. आत्याने फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, “कार्ड वापरता का?”

“हो तर, रोज दोन वेळा.”

“मग फी भरावी लागेल, आजी.”

“कणीक खरवडायची फी?”

पलीकडे बराच वेळ फक्त संगीत वाजत राहिलं.

मी वाईला गेलो आणि आम्ही पत्र लिहिलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत स्पष्ट आहे, नीट ऐका: न मागता कार्ड पाठवलं, तुमच्या संमतीशिवाय चालू केलं आणि बिल लावलं, तर बँकेने ते बिल रद्द करायचं आणि वर त्याच्या दुप्पट रक्कम तुम्हाला द्यायची. दुप्पट, बरं का! पत्र शाखेत नेऊन दिलं, आमच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. तिथलं पेन सुतळीने टेबलाला बांधलेलं. लाखोंची ठेव आमच्याकडे ठेवा म्हणतात, आणि पाच रुपयांच्या पेनाचा आपल्यावर भरवसा नाही!

तीन आठवड्यांत बिल रद्द झालं आणि आत्याच्या खात्यात १,१७७ रुपये ६४ पैसे जमा झाले. एकच अट होती, कार्डाचे दोन तुकडे करून फोटो पाठवायचा. पाठवला. फोटोत वाळलेली कणीक स्वच्छ दिसत होती. नंबर आणि चिप आत्याने बारीक कातरून टाकली, पण उरलेला अर्धा तुकडा अजून परातीत आहे. म्हणते, आता हातात जास्त चांगला बसतो.

वेळ होत आली, तेव्हा बाकीचं भराभर. असं कार्ड आलं तर ते चालू करायला कुणालाही ओटीपी देऊ नका. पुन्हा सांगतो, ओटीपी देऊ नका. तीस दिवसांत कार्ड चालू झालं नाही, तर बँकेला ओटीपीने तुमची संमती विचारावी लागते, आणि तुम्ही ती दिली नाही, तर कार्डाचं खातं फुकट बंद करून द्यावं लागतं. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. पैसे पडत नाहीत. चौकशीचा नंबर १४४४८.

कुरियर दारातच नाकारता येतं, सही करायची सक्ती नाही. जाहिरातींचे फोन आणि मेसेज नकोत, तर इंग्रजीत ‘स्टार्ट’, मग मोकळी जागा, मग शून्य, असा मेसेज १९०९ वर पाठवा. एक, नऊ, शून्य, नऊ. बँकेचे कामाचे मेसेज त्याने अडत नाहीत.

लिहून घेतलंत ना? एक, नऊ, शून्य, नऊ. नमस्कार.