आसाकुसाचा विनायक आणि मुळ्याचा नैवेद्य

श्रोतेहो, नमस्कार.

जपानला जाऊन आलेल्या माणसाला आपण हमखास विचारतो, ‘काय काय पाहिलंत?’ मग क्योतोचं सोन्यानं मढवलेलं किन्काकुजी, नाराची हरणं, तोक्योच्या आसाकुसा भागातल्या सेन्सोजीचा तो अवाढव्य लाल कंदील, सगळं ओळीनं येतं. ही देवळं पाहायलाच हवीत. पण जपानी माणूस देवळात जाऊन नेमकं काय करतो, काय मागतो, काय वाहतो, हे कळायला एखादी सकाळ वेगळी काढावी. गर्दीचं देऊळ सोडून शेजारच्या लहान देवळात जावं.

मी सांगते ते देऊळ सेन्सोजीपासून पायी दहा-एक मिनिटांवर, सुमिदा नदीजवळच्या टेकाडावर आहे. नाव मात्सुचियामा शोदेन. इथला देव कोण म्हणाल, तर आपला विनायक! जपानीत त्याला शोदेन म्हणतात, कांगितेन म्हणतात आणि बिनायकाही म्हणतात. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, ती कायम पडद्याआड असते. पण पायऱ्यांवर, दिव्यांवर, भिंतींवर दोन खुणा सारख्या दिसत राहतात: एक पैशांची थैली आणि दुसरा, एकमेकांत गुंतलेल्या मुळ्यांचा जोड. थैली धंद्याच्या बरकतीची, मुळे आरोग्याचे आणि घरातल्या सलोख्याचे.

इथे नैवेद्य मुळ्याचाच. चांगला हातभर लांब, पांढराशुभ्र, पाल्यासकट. तो देवळातच विकत मिळतो. सकाळी आजूबाजूची माणसं येतात, आधी पाण्याच्या कुंडापाशी थांबतात. उजव्या हातात पळी घेऊन डावा हात धुतात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरतात. शेवटी पळी उभी धरतात, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि पुढच्या माणसाच्या हाती धुतलेली पळी जाते. कुणी सांगत नाही, पाटी वाचत नाही. पुढच्या माणसाचा हा विचार मला जपानमध्ये जागोजागी दिसला, पण इतका स्वच्छ कुठेच नाही. मग मुळा देवापुढे जातो. आणि देवाला दाखवून झालेले मुळे पुन्हा भक्तांनाच देतात, घरी नेऊन शिजवायला. प्रसादच की हा! तो घेऊन निघालेल्या आजींकडे पाहताना मला परक्या देशात असल्यासारखं वाटेना.

हा देव तिथे पोचला कसा? भारतातून चीनमध्ये आणि तिथून भिक्षूंबरोबर जपानमध्ये. कुकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, ८०६ साली मंत्र-मंडलांची बौद्ध परंपरा शिकून परतला. त्या परंपरेत आपले कितीतरी देव सामावलेले होते. क्योतोच्या सांजूसान्गेन्दो देवळात जाल तेव्हा हे डोळ्यांनी दिसेल. तिथे कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेच्या, १००१ मूर्ती आहेत, आणि सगळे त्या रांगाच पाहत पुढे सरकतात. तुम्ही मात्र पुढे उभ्या असलेल्या २८ परिचर देवतांजवळ रेंगाळा. त्यांत ब्रह्मदेव आहे, इंद्र आहे, आणि चोच-पंखांचा गरुड चक्क बासरी वाजवतोय. फोटो काढू देत नाहीत, हे एका अर्थी बरंच आहे. माणूस नीट बघतो.

क्योतोतच आणखी एक गोष्ट चाखा. कांगितेनला वाहायचं पक्वान्न, नाव कांगिदान. गव्हाच्या पारीत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण, वर तोंड चुण्या घालून मिटलेलं, आणि तिळाच्या तेलात खमंग तळलेलं. तळणीचा मोदक म्हणा! सारणात चंदन, लवंग, दालचिनीचा वास असतो, त्यामुळे पहिला घास थोडा औषधी लागतो. दुसऱ्या घासाला जीभ रुळते. क्योतोच्या गिओन भागातल्या जुन्या मिठाईच्या दुकानात तो मिळतो.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बौद्ध देवळात नुसते हात जोडतात. दोनदा वाकून दोनदा टाळ्या वाजवायच्या त्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळच्या धर्माच्या, देवस्थानात, जिथे दारात तोरी नावाची कमान असते. आणि रस्त्यात कचऱ्याचा डबा सहसा सापडत नाही, म्हणून पिशवी जवळ ठेवा, कचरा आपल्यासोबत परत न्या.

तोक्योत जानेवारीत असाल तर ७ तारीख मात्सुचियामासाठी राखून ठेवा. त्या दिवशी तिथे मुळ्याचा उत्सव असतो. देवाला वाहिलेले मुळे शिजवून, वर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, घालून येणाऱ्यांना खायला देण्याची तिथली रीत आहे. आसाकुसा स्टेशनला उतरा, नदीच्या कडेकडेनं चालत जा, आणि सकाळी लवकर पोचा.