रुक्मिणीचा डावा हात

मंडळी, विषय दिलाय ‘पौराणिक ऑइल पेंटिंग कसं तयार होते’. सांगतो, पण आधी रुक्मिणीचं बोलू द्या, कारण ती आपल्या विदर्भाची लेक, कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या काठीच आहे, आणि तरी आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ती कृष्णाच्या हातावर पोत्यासारखी पडलेली राहते. मला ते मुळीच पटत नाही.

भागवताचा दहावा स्कंध काढून पाहा. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला द्यायला निघाला होता, तेव्हा ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप तिनंच धाडला. लग्नाच्या आदल्या दिवशी गावाबाहेर देवीला जायची रीत आहे, तिथं ये, हा प्लॅनही तिचाच. देवळात ती गेली पायी. (ते देऊळ अमरावतीच्या अंबादेवीचं की कौंडिण्यपूरचं, या भांडणात मी पडत नाही बाप्पा, माझे सोयरे दोन्हीकडे आहेत.) आणि बाहेर येताना ती डाव्या हाताच्या नखांनी केस बाजूला सारते, जमलेल्या राजांवर नजर टाकते अन् त्यांच्यात कृष्ण तिला दिसतो. एवढं बारीक लिहून ठेवलंय! माझं चित्र त्या हातातून निघालं, रथ-घोडे मी काढलेच नाहीत.

यावरून काय झालं ते सांगतो. एका मंदिर कमिटीनं आधी चित्र सांगितलं होतं. स्केच पाहिलं अन् म्हणे, रथ काहून नाही? पायाला माती काहून? रंग गोरा करा, दागिने वाढवा, मागे संगमरवरी महाल द्या. मी म्हटलं, भाऊ, ती पायी आली आहे, आपल्या काळ्या मातीतून आली आहे, पाय कोरे कसे राहतील? ते काही ऐकेनात, काम हातचं गेलं, अन् मला त्याचं आजही वाईट वाटते ते पैशासाठी नाही, त्यांनी पोथी उघडून पाहिली नाही म्हणून. राजा रविवर्म्यानं १८९४ ला मुंबईत छापखाना काढला, देव गरिबाच्या घरात पोचले, हे मोठे उपकारच. पण पुढच्यांनी तोच साचा धरून ठेवला, रविवर्म्यासारखं समोर माणूस बसवून पाहायचं मात्र सोडून दिलं.

मी वहिनीला बसवलं. कापूस वेचणीचे दिवस होते, बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटांना बारीक ओरखडे पडलेले, नखाच्या कडेला काळी रेघ. राजकन्येच्या हाताला ओरखडे देता येत नाहीत, ते सोडले, पण केस सारताना मनगट कसं वळते अन् करंगळी कशी सुटी राहते ते तिच्याकडूनच घेतलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर पटपट सांगतो. कॅनव्हासला प्रायमर म्हणजे अस्तराचा हात, त्यावर कोळशानं रेखाटन, मग रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळा उजेड-अंधार आधी एकाच रंगात लावायचा, हे वाळल्याशिवाय पुढं जायचं नाही. त्वचेला यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), थोडा पांढरा, सावलीत जरा निळा. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, उलटं केलं की वरचा थर तडकतो. तेल जवसाचंच, पण तेलघाण्यावरचं चटणीवालं नको, ते पिवळं पडते, रंगाच्या दुकानातलं रिफाइन्ड घ्या. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, म्हणून जाड थराला महिने लागतात अन् व्हार्निशला निदान सहा महिने थांबा. शालूचा लाल रंग मी शेवटी ग्लेझनं, म्हणजे पातळ पारदर्शक थरानं चढवला, चेहरा मात्र त्याच्याही नंतर, कारण हात जमल्याशिवाय नजर कुठं वळवायची ते कळत नव्हतं.

चित्र मागच्या खोलीत ठेवलंय. शालू अजून ओला आहे, लेकरांना हात लावू देऊ नका, अन् ज्यांना पोथीतला तो श्लोक पाह्यचा असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या, पान उघडून ठेवलं आहे.