भाकरी कळण्याची, चहा तासाभराने

श्रोतेहो, नमस्कार. आज मला रक्ताविषयी बोलायचंय. आपल्याकडे बाया 'अंगात रक्त नाही' म्हणतात ना, त्याविषयी.

दिवाळीनंतरचे दिवस होते. एरंडोलकडच्या एका गावात तपासणीला गेले होते. कापसाची वेचणी जोरात चाललेली. एक ताई आल्या, वय पस्तिशीच्या आसपास. कमरेचं वेचणीचं फडकं तसंच, बोंडांनी बोटं खरचटलेली. म्हणाल्या, "मॅडम, ओळ संपेस्तोवर दम लागतो, डोळ्यापुढे अंधारी येते." मी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली दिसायला हवी, तिथे फिकट पांढुरकं. हिमोग्लोबिन निघालं 8.2. गरोदर नसलेल्या बाईचं निदान 12 तरी हवं.

विचारलं, दिवसभरात काय खाता? पहाटे चहा. शेतात दहाच्या सुमारास भाकरी आणि ठेचा, त्यावर लगेच चहा. रात्री सगळ्यांची जेवणं उरकली की पातेल्याच्या तळाला राहिलेली डाळ, भाकरी, आणि पुन्हा चहा.

हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवतं. ते घडायला लोह लागतं, प्रथिनं लागतात, फॉलिक ॲसिड आणि बी-12 लागतं. पाळीत दर महिन्याला रक्त जातं, म्हणून पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह पुरतं तिथे बाईला 29 लागतं. आणि जिला जास्त लागतं तीच घरात सगळ्यांच्या शेवटी जेवते! याचा मला फार राग येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायांपैकी 57 जणींना रक्तक्षय आढळला. सासूबाई, दादा, तुम्हालाही सांगते: सुनेचं, बायकोचं ताट तुमच्याबरोबरच वाढलं जाऊ द्या.

आता आपल्या भाकरीकडे वळू. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही. आणि कळण्याची भाकरी! ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळून आणलेलं पीठ, ही आपल्या आजी-पणजीची हुशारी. धान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एका भाकरीत आले की प्रथिन पुरं होतं. हल्ली मात्र पाहुणे आले की कळण्याची भाकरी मागे पडते आणि पोळ्या पुढे येतात. मला ते पटत नाही.

एक अडचण मात्र आहे. धान्य-भाजीतलं लोह शरीर सगळं घेत नाही, फार तर दहातला एक भाग घेतं. त्यात जेवणावर चहा प्यालो की चहातलं टॅनिन त्या लोहाला धरून ठेवतं आणि निम्म्याहून अधिक लोह तसंच बाहेर जातं. चहा सोडा असं मी म्हणत नाही. वेचणीच्या थंडीत तो लागतोच. पण जेवणानंतर तासभर थांबा. आणि भाकरीबरोबर लिंबाची फोड घ्या, आवळा घ्या, पेरू खा. 'क' जीवनसत्त्वाने लोह शोषलं जायला मदत होते. लिंबू डाळ चुलीवरून उतरवल्यावर पिळा, कारण उकळीत ते जीवनसत्त्व नासतं. भाजी लोखंडी कढईत केली तर आणखी चांगलं.

जळगाव जिल्ह्यात केळी इतकी, की रक्त वाढायला केळी खा असं सर्रास सांगितलं जातं. केळं ताकद देतं, पोटॅशियम देतं, पण त्यात लोह नाममात्रच. रक्तासाठी पोकळा, मेथी, शेवग्याचा पाला खा, मोड आलेली मटकी खा. मोड आल्यावर धान्यातलं लोह सुटं होतं. जे मटण-मासे खातात त्यांना त्यातलं लोह सहज मिळतं. न खाणाऱ्यांनी दूध-ताक टाळू नये, बी-12 तिथूनच मिळतं.

पण हिमोग्लोबिन आठवर आलं की नुसत्या जेवणाने भागत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. गोळ्यांनी शौच काळी होते म्हणून घाबरून बऱ्याच जणी त्या फेकतात. काळी होणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर गोळी घ्या. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नका.

नंदुरबार-सातपुड्याकडच्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुमच्या भागात सिकलसेल, म्हणजे आई-वडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, आहे. त्यातही रक्त कमी दिसतं, पण कारण वेगळं असतं. तिथे लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. आकडा तारखेसह कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा, तीन महिन्यांनी तो घेऊन पुन्हा जायचंय. नमस्कार.