नाळेवरचा राजा, आठ सेंटीमीटरचा

जहाजाच्या छोट्या मॉडेलसाठी मूर्ती कोरायची, तर पटाशी इथे चालतच नाही. बारीक पातं, डोळ्याला भिंग, आणि चिमटीत धरलेला हा माणूस पूर्ण झाला तरी जेमतेम आठ सेंटीमीटर भरणार. मूळचा चार मीटर उंच आहे, दोन टनांहून जड. ब्रिटिश युद्धनौका रॉयल विल्यमच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा राजा, सध्या प्लिमथच्या द बॉक्स म्युझियममध्ये छताला टांगलाय, सोबतीला आणखी तेरा जण. म्हणजे स्केल १:४८.

लाकूड मात्र वेगळं. मोठी फिगरहेड (नाळेवरच्या या कोरीव मूर्ती) ओक, एल्म, नंतर पाइनची असायची, पण ओकची छिद्रं काही स्केलप्रमाणे लहान होत नाहीत ना, एवढ्याशा गालावर ती देवीच्या वणांसारखी दिसतील, म्हणून बॉक्सवुड. पिवळसर, घट्ट, रेषा शोधाव्या लागतात. तरी नाकापाशी पातं उलटं फिरलं की टवका उडालाच, मग नवीन तुकडा चिकटवा नाहीतर राजाच नवीन करा. (हे नाक दुसरं आहे. सांगितलं नसतं तर कळलं नसतं.)

आता ही पगडीवाली मूर्ती. ट्रिंकोमली जहाजाची, १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. जहाज बांधणाऱ्याचं नाव सगळीकडे मिळतं, मूर्ती कोरणाऱ्याचं विचारायचं नाही!

राजाला टेबलावर ठेवला की तोंडावर पडेल असं वाटतं. चूक कोरणाऱ्याची नाही. ही मूर्ती जमिनीवर उभी राहायला केलेलीच नसते, नाळेतून पुढे निघालेल्या तिरक्या खांबाखाली, बोस्प्रिटखाली, ती झुकती बसते आणि लोक बघणार धक्क्यावरून, होडीतून, म्हणजे खालून. म्हणून कोरणारा दर चार-पाच कापांनंतर तिला डोक्याच्या वर धरून बघतोय. समोरून काढलेल्या फोटोवरून कॉपी करणाऱ्यांचं गणित इथेच फसतं, आमचं तरी स्पष्ट मत आहे.

१८९४ ला ब्रिटिश नौदलाने फिगरहेड बंद केली. उरलेल्यांपैकी प्लिमथच्या काहींवर टिकावीत म्हणून फायबरग्लास चढवलं, आत ओल कोंडली आणि लाकूड कुजलं, मग ती वाळवून दुरुस्त करावी लागली.

रंग नंतर. आधी नाळेवर डिंकाचा एक ठिपका, राजा अलगद टेकवायचा, आणि हात काढून घ्यायचा.

आता बघा, पडत नाहीये.