आधी सम शोधा, बीपीएम नंतर! | रेकॉर्डचं दुकान, दोन टर्नटेबल आणि माझी आवड

नमस्कार मंडळी, सांगलीतून.

मागच्या व्हिडिओखाली इतक्या जणांनी एकच गोष्ट विचारलीय की आज दुसऱ्या कशावर बोलायचंच नाही असं ठरवलंय. "ताई, सकाळी दुकानात नाट्यगीतं लावतेस, दुपारी रेगे, रात्री डिस्को, मधेच कुठूनतरी लावणी येते. तुला नक्की आवडतं काय? आणि हे एकाला एक जोडतेस कसं?"

पहिल्याचं उत्तर लगेच देते. मला ठेका आवडतो. कुठल्या भाषेतला, कुठल्या सालातला, हे मी नंतर बघते. दुकानात बसून कानाला ही सवय लागलीय, कारण आमच्याकडे माल निवडून येत नाही. वाडा पाडायला काढला, माळा रिकामा केला, आजोबा गेले, की खोकं येतं. मिरजेतल्या एखाद्या घरातून आलं तर त्यात ख्याल निघतात, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या, तबकड्या निघतात. वाळव्याकडून आलं तर लावण्या, गवळणी, पोवाडे. साहजिक आहे, पठ्ठे बापूराव तिथल्याच रेठरे हरणाक्षचे. आणि विश्रामबागेतल्या बंगल्यातून आलं की बोनी एम, ॲबा, गझला. माझं काम म्हणजे प्रत्येक रेकॉर्ड पुसायची, दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या, कुठे पिन अडकते ते चिठ्ठीवर लिहायचं. पूर्ण ऐकल्याशिवाय विकायची नाही, हा आमच्या काकांचा नियम. मग आवड एकाच डब्यात राहणार कशी, सांगा की!

आता दुसरा प्रश्न. जोडतेस कसं.

सोपं सोपं पटकन उरकते. दोन टर्नटेबल, मधे मिक्सर, कानाला हेडफोन. एक रेकॉर्ड लोकांना ऐकू जाते, दुसरी फक्त मला. दुसरीचा वेग पहिलीच्या जवळ आणायचा, योग्य जागी सोडायची, फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, सरकवायचा. हे शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, ते बघा. मला बोलायचंय ते त्यातल्या "योग्य जागी" या दोन शब्दांवर. ती योग्य जागा म्हणजे सम. तालाचा एक पूर्ण फेरा म्हणजे आवर्तन, त्यातला एकेक ठोका म्हणजे मात्रा, आणि आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम.

प्रत्येक व्हिडिओखाली कमेंट असतेच, "ताई, या गाण्याचा बीपीएम किती?" अरे बाबांनो, बीपीएम म्हणजे मिनिटाला ठोके किती. त्यातून चाल जलद की संथ ते कळतं. पण त्या ठोक्यांत पहिला कुठला, ते कुठे कळतं? समजा दोन्ही गाणी शंभराच्या चालीत आहेत. वेग तंतोतंत जुळवला. पण एकाची सम दुसऱ्याच्या तिसऱ्या मात्रेवर पडतीय. ऐकणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. मी हे मंडपात समोर उभी राहून बघितलंय, पाच सेकंदात अख्खा घोळका हात खाली घेतो. वेग थोडा चुकला तर बोटाने सावरता येतो. सम चुकली तर गाणं परत उचलून लावावं लागतं.

म्हणून आधी सम. ती कानाने कशी शोधायची?

आपल्याकडच्या बहुतेक नाचत्या गाण्यांत कहरवा असतो, आठ मात्रा. धा गे ना ती, न क धी न. हेडफोन लावून बोटं मोजत बसू नका. गाणाऱ्याचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, कुठल्या अक्षरावर येऊन टेकतो ते ऐका. बहुतेक वेळा तीच सम. गाणारा दम घेऊन निघतो आणि जिथे वजन टाकतो, तिथे तबलजीही वजन टाकतो. यासाठी जुन्या ७८ च्या रेकॉर्ड उत्तम. एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावायची, त्यामुळे मोठमोठ्या गवयांनाही पसारा आवरून पुन्हा पुन्हा समेवर यावं लागायचं. तीन मिनिटांत समेवर इतक्यांदा येणं होतं की कान आपोआप तयार होतो. खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या रेकॉर्ड ऐका. ती गायकी आणि तो आवाज मिरजेत वस्तीला होता याचा मला अजूनही रोज आनंद होतो.

आता जरा अवघड. सगळीकडे समेवर दणका नसतो. अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनच्या फंक संगीतात असतो, तो स्वतःच्या वादकांना पहिल्या ठोक्यावर सगळा जोर द्यायला लावायचा. त्यामुळे फंक जोडायला सोपं जातं. पण जमैकाचं रेगे घ्या. त्यात वन ड्रॉप म्हणून एक चाल आहे, तिच्यात पहिल्या मात्रेवर ड्रमवाला वाजवतच नाही. जागा रिकामी सोडतो, आणि वजन तिसऱ्यावर येतं. नवीन मुलं काय करतात? जिथे दणका, तिथे पहिली मात्रा धरतात. म्हणजे तिसरीलाच पहिली समजतात, आणि मग म्हणतात रेगे जुळतच नाही.

आपल्याला हे कळायला खरं तर सोपं जायला पाहिजे. रूपक आठवा. सात मात्रा, ती ती ना, धी ना, धी ना. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे तालातल्या बिनवजनाच्या जागेवर पडते, डग्गा तिथे बोलतच नाही! सम आहे, पण तिच्यावर वजन नाही. रेगेमध्ये चार मोजायचे, रूपकात सात, हिशोब वेगळा. पण रिकाम्या जागेला सम म्हणायची तयारी दोन्हीकडे लागते.

दुकानात एक मामा येतात, कवलापूरच्या बाजूचे, आयुष्यभर फडात ढोलकी वाजवलेले. एकदा मी रेगेची एलपी तपासत होते आणि ते काउंटरला टेकून उभे. काही बोलले नाहीत. काचेवर दोन बोटं वाजवायला लागले. मी बघत होते, पहिल्या मात्रेला बोटं वर उचललेली, काचेला लागतच नव्हती, आणि तिसरीला बरोबर टक्. त्या देशाचं नाव त्यांनी विचारलं ते गाणं संपल्यावर. मग म्हणाले, "पोरी, ह्यो गडी सम गिळतोय." त्या दिवसापासून मी कुणालाही वन ड्रॉप याच शब्दांत सांगते.

बरं, मधेच एक कमेंट घ्यायलाच हवी, कारण ती वाचून मला रात्री झोप लागली नाही. कुणीतरी लिहिलंय, "आजोबांच्या जुन्या रेकॉर्ड स्पिरिटने पुसा, आरशासारख्या चमकतात." आणि त्याला लाइक आले आहेत. नका करू! हात जोडते. ७८ ची तबकडी लाखेची असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार फर्निचरचं पॉलिश करतो ते लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच की. तुम्ही पुसता तेव्हा आवाजाची रेघच पुसून निघते, परत येत नाही. साधं पाणी, मऊ कापड, रेघेच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं, त्यानंतर आमच्याकडे चिखलाने माखलेल्या रेकॉर्ड किती आल्या. व्हिनाइलच्या एलपी धुतल्यावर बऱ्याच वाचल्या, कव्हरं गेली. काही ७८ च्या तबकड्यांमध्ये आत कागदाचा थर असतो, त्या कडेने फुगून सुटल्या. त्यांना काहीच इलाज नव्हता. जे नदीने सोडलंय ते स्पिरिटने घालवू नका.

परत समेवर येऊ. कानाला सापडली, आता हाताला सापडली पाहिजे.

एलपी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे फिरते. म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. गाणं मिनिटाला शंभर ठोक्यांचं असेल तर एका फेऱ्यात बरोबर तीन ठोके. हे डोक्यात असलं की तबकडीवर सम दिसायला लागते. मी काय करते बघा. (रेकॉर्ड कॅमेऱ्याजवळ धरून) लेबलवर ही बारीक पांढरी चिकटपट्टी. पिन समेवर असताना पट्टी बरोबर टोनआर्मकडे, म्हणजे पिनेच्या दांड्याकडे, तोंड करून असते. हेडफोनमध्ये सम ऐकली, तबकडी बोटाने थांबवली, हळूच मागे घेतली, पाव फेरा. खाली फेल्टची चकती आहे, त्यामुळे खालचं ताट फिरतच राहतं आणि वरची तबकडी माझ्या बोटाखाली थांबून राहते. समोरच्या गाण्याची सम आली की सोडायची. फेकायची नाही, ओढायची नाही, नुसतं बोट उचलायचं. ताट आधीच वेगात आहे, ते तिला घेऊन जातं.

आणि ही मागेपुढे ओढाओढ फक्त व्हिनाइलवर, गोल टोकाच्या डीजे पिनवर. लाखेच्या तबकडीवर कधीच नाही. त्या मी दुकानात ऐकते, कार्यक्रमाला नेत नाही. त्यांना पिनही वेगळी लागते, साधारण तीन पट जाड टोकाची, कारण त्यांची रेघच रुंद असते.

इथे "ताई, सिंकचं बटण दाबलं की झालं ना?" वाले येतात. डिजिटल डीजे यंत्रावरचं ते बटण आपोआप वेग जुळवतं. मशीनवर बनलेल्या गाण्यात ठोका हलत नाही, तिथे चालून जातं. आपल्याकडेही असं काम झालंय. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या ८०८ आणि ३०३ या ठोक्याच्या आणि बासच्या यंत्रांवर दहा रागांची रेकॉर्ड केली, डिस्कोच्या ठेक्यावर. ठोका शेवटपर्यंत तसूभर हलत नाही. तिच्यावर काहीही जोडा, बसतं. मला ती रेकॉर्ड फार प्रिय आहे. पुढे परदेशात ॲसिड हाऊस या यंत्रांवरच्या नाचाच्या संगीतातून जो आवाज गाजला, तो इथे मुंबईत बसून एका माणसाने आधीच काढून ठेवला होता.

पण लावणीत ढोलकी माणूस वाजवतोय. गाणं रंगलं की तो पुढे सरकतो, शेवटाकडे चाल चढते, चढायलाच हवी! सिंकचं बटण तिला ओढून सरळ रेषेत आणतं आणि लावणीतला जीव काढून घेतं. म्हणून मी बटण वापरत नाही. डीजेंच्या नेहमीच्या टर्नटेबलवर पिच कमीजास्त करायची पट्टी असते, साधारण आठ टक्के वर, आठ टक्के खाली. तिच्यावर बोट ठेवून मी ढोलकीवाल्याच्या मागे मागे जाते. तो सरकला की दुसरी रेकॉर्डही सरकवायची. आणि प्रत्येक आवर्तनाला तपासायचं, सम समेवर पडतीय का. तीच गोष्ट, तिसऱ्यांदा सांगतीय, कळतंय मला. पण हेच सुटतं.

आता माझी सगळ्यात लाडकी जागा सांगते. तिहाई. एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट थेट समेवर. ढोलकीवाला तिहाई घेतोय म्हणजे तो तुम्हाला आगाऊ सांगतोय की सम येतीय, तयार राहा. पहिला तुकडा, बोट तबकडीवर. दुसरा तुकडा, फेडरवर दुसरा हात. तिसरा तुकडा संपताना बोट उचला. लावणी जिथे टेकते तिथेच आफ्रिकेतल्या आफ्रोबीटचे ड्रम सुरू होतात, आणि लोकांना वाटतं दोघं एकाच फडात बसून वाजवतायत. परवा एका हळदीला हे जमलं तेव्हा नवरीची आत्या माझ्याकडे येऊन म्हणाली, "हे गाणं कुठल्या पिक्चरचं गं?"

हळदीवरून आठवलं. कार्यक्रमाला जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. आपल्याकडे स्टेज फळ्यांचं असतं. पोरं नाचायला लागली की फळी हलते आणि पिन उडते. मी मंडपवाल्याला आधीच सांगून ठेवते, दादा, दोन शहाबादी फरश्या पाहिजेत. खाली जाड रबर, वर फरशी, फरशीवर टर्नटेबल. स्पीकर टेबलापासून लांब, नाहीतर बास परत पिनमध्ये शिरतो आणि घूं असा आवाज सुरू होतो. आणि रेकॉर्डचं खोकं एसटीत वरच्या फळीवर टाकू नका, मांडीवर घ्या.

शेवटची कमेंट. "सांगलीत तुझ्यासारख्या डीजेला कोण बोलावणार, इथे डॉल्बी लागते." मी मिरवणुकीत नाचलेली मुलगी आहे, मला दणका आवडतो. पण भिंतभर बॉक्स लावले की छाती हादरते आणि ढोलकीच्या शाईवरची बोटं ऐकूच येत नाहीत. ज्यांना ती बोटं ऐकायची आहेत ते बोलावतात. हळदीला, बारशाला, कॉलेजच्या टेरेसवर, कोल्हापूरच्या कॅफेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे नाटक उभं केलं तेव्हापासून या गावाला बसून ऐकायची सवय आहे. नाचतानाही हे गाव ऐकतं, माझा अनुभव आहे.

तर सरावाला हे करा. घरात टर्नटेबल नसलं तरी चालेल, मोबाइल चालेल. एक लावणी, एक रूपकातलं भावगीत, एक रेगे. तिन्हींची पहिली सम कितव्या सेकंदाला आली ते कमेंटमध्ये लिहा. बीपीएम लिहू नका. पुढच्या रविवारी मी एकेकाचं ऐकून सांगते कुणाची बरोबर आहे, आणि सहा मात्रांचा दादरा चार ठोक्यांच्या डिस्कोवर कसा बसवायचा तेही त्याच व्हिडिओत घेते.